आत कोणी नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

आज नव्या साहेबांनी वर बोलावून विचारलं, "हा अर्धा माणूस कुठून आणलात?"

त्यांच्यापुढे मी केलेला ऑक्टोबरचा तक्ता होता. महिन्याची बेरीज पाच हजार चारशे त्र्याऐंशी. दोनाने भागली की वाचक निघतात सत्तावीसशे एक्केचाळीस, आणि वर अर्धा. मी म्हटलं, "आणला नाही साहेब, तोच आला असेल." ते हसले नाहीत. वय तिशीचं, पण हसणं पेन्शनीत गेलेलं.

इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढे घोळ नको. वाचनालयाच्या दारावर मी सव्वीस वर्षं आहे. दारात कमरेइतकी उंच लोखंडी चक्री आहे, तीन दांड्यांची. एका वेळी एकच माणूस जातो. दांडा फिरला की टक् होतं आणि बाहेरच्या बाजूच्या खोक्यातला आकडा एकाने वाढतो. माणूस आत गेला तरी एक, बाहेर आला तरी एक. जेवायला बाहेर जाऊन परत आला तरी दोनच. म्हणजे दिवसाच्या शेवटी मीही बाहेर आलो की आकडा सम यायलाच हवा. तो अर्धा केला की झाले दिवसाचे वाचक. मग तक्त्यात आकडा लिहायचा, त्यापुढच्या रकान्यात 'आत कोणी नाही' लिहून सही करायची, बाहेरचा दरवाजा ओढून कुलूप लावायचं. सकाळी उलटं. कुलूप, किल्लीने आकडा शून्यावर, टक् टक्, आत. झोपेत सांगा, करून दाखवीन.

तक्ता पुन्हा काढून बघितला. २१ ऑक्टोबरपासून रोजचा आकडा विषम आहे. रोजचा. त्याआधी महिनाभर मी रजेवर होतो, तेव्हा आतली पुस्तकं लावणारा कपाटवाला दारावर बसत होता आणि त्याचे सगळे आकडे सम. त्याआधीचे माझेही सम. २१ ते ३१ मधले दोन गुरुवार बंद, म्हणून उघडे दिवस नऊ. नऊ विषम आकड्यांची बेरीज विषमच, म्हणून अर्धा माणूस वर तरंगला. दिवस दहा असते तर बेरीज सम आली असती आणि कोणाच्या बापाला कळलं नसतं.

साहेब म्हणाले, "तुम्ही रजेवरून आलात आणि हा आला. महिनाभर लक्ष ठेवा. तीस तारखेला बघू, यंत्र बदलायचं की माणूस." शेवटचे तीन शब्द त्यांनी हळू म्हटले, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

रजा कशाची होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते इथे लिहीत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आकडा २७१. विषम.

ही वही तिची आहे, माझ्या बायकोची. पुढून तिची कोडी आहेत, मागची पानं कोरी होती म्हणून मी मागून लिहितो आहे. ती आतल्या बांधणीच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवायची. तिथे खोलीत उजेड कमी, म्हणून बरंचसं काम घरी आणायची आणि सकाळी दोन्ही हातांवर पुस्तकांची चळत घेऊन माझ्याबरोबर यायची. दुपारी चारला घरी परत. दर सोमवारी सूचनाफलकावर एक कोडं लावायची. सही नाही, काही नाही. कोण लावतं हे वाचकांना अखेरपर्यंत कळलं नाही.

काल मी तिचं वहीतलं पुढचं कोडं लावलं. एक ते दहा आकडे ओळीने लिहा, मधे अधिक किंवा उणे टाका, उत्तर शून्य आणा. पेन्सिलकाका काल दिवसभर फलकापुढे बसून होते. हे निवृत्त सर्वेअर, कानामागे पेन्सिल खोवून येतात आणि घरी सुनेने टीव्ही लावला की इथे आसरा घेतात. आज माझ्याकडे आले. "एकपर्यंत येतं हो. शून्य येत नाही. एकाने हुकतं."

मी म्हटलं, "काका, सगळ्यांची बेरीज किती?"

"पंचावन्न."

"एखाद्या अधिकाचं उणे केलंत तर बेरीज त्या आकड्याच्या दुपटीने कमी होते. दुप्पट म्हणजे सम. पंचावन्नातून समच काढत राहिलात तर विषमच उरणार. शून्य सम आहे. आयुष्यभर बसलात तरी येणार नाही."

काकांनी पेन्सिल परत कानामागे खोवली. मग म्हणाले, "दोन दिवस घालवले ना माझे." मी सांगितलं की हे माझं डोकं नाही. ती नेहमी म्हणायची, आधी सम-विषम बघावं, मग पेन्सिल उचलावी.

संध्याकाळी तक्त्यात आकडा लिहिला. 'आत कोणी नाही' लिहायला पेन टेकवला आणि हात थांबला. ज्याचा आकडा विषम आहे त्याने तसं लिहिणं म्हणजे खोटं बोलणं. दोन आठवडे मी न बघता खोटं लिहीत होतो. आज रकाना कोरा सोडला.

९ नोव्हेंबर, शनिवार

२९३. विषम. कालचाही, परवा बंद होतं, त्याआधीचाही.

बंद करताना सफाईच्या मावशींना थांबवून घेतलं. दोघांनी मिळून सगळं पालथं घातलं. तिन्ही दालनं, जिन्याखालची अडगळ, दोन्ही मोऱ्या, पोटमाळा. मागचं दार म्हणजे पुस्तकांची खोकी येण्याजाण्याचं दार, त्याला साहेबांचं कुलूप आणि किल्ली त्यांच्याच खणात. खिडक्यांना गज. चक्रीशिवाय मुंगीलाही वाट नाही. बांधणीच्या खोलीपाशी आल्यावर मावशी म्हणाल्या, "ही राहू द्या."

"का?"

"तुम्हीच बघा हवं तर. मी बाहेर उभी राहते."

मी उघडली. टेबल, दाबणीचा शिकंजा, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं. तिची खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढलेली, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. खळीचा आंबूस वास अजून येतो. दोन महिने होत आले.

बाहेर आलो तर मावशी पदराने हात पुसत होत्या. म्हणाल्या, "कोण असणार आहे आत? तुमच्याशिवाय इथं थांबतंय कोण?" मग चक्रीतून टक् करून निघून गेल्या. त्यांच्या मागून मी. आकडा बघितला. दोनशे त्र्याण्णव.

१० नोव्हेंबर, रविवार

३४१.

मिस्त्री येऊन गेला. खोकं उघडलं, तेल घातलं, शंभर वेळा दांडा फिरवला, शंभर आकडे पडले. बिल देताना म्हणाला, "यंत्र सोन्यासारखं आहे. दांडा फिरला की आकडा पडतो, आता त्यातून माणूस गेला की वारा गेला हे त्याला कसं कळणार?" मी त्याला विचारलं, वाऱ्याने फिरतो का? तर म्हणे, "वाऱ्याने फिरायला हे काय भिरभिरं आहे का काका? जोर द्यावा लागतो."

म्हणजे कोणीतरी जोर देतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दाढ काढायला गेलो होतो. दारावर कपाटवाला. घरी येताना मुद्दाम वाकडी वाट करून तक्ता बघितला. २५८. सम. त्याने ऐटीत लिहिलं आहे, 'आत कोणी नाही', खाली लफ्फेदार सही.

जो कोणी आहे तो मी नसलो की येत नाही. किंवा मी नसलो की बाहेर पडतो. गाल सुजला आहे, झोप येत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मी परत दारावर. २६७.

काल रात्री तिच्या वहीत मिळालेलं लिहून ठेवतो. एक ते दहाच्या कोड्याखाली तिने बारीक अक्षरात टिपलं आहे: 'विषम आलं तर ठामपणे नाही म्हणता येतं. सम आलं तर अजून काहीच कळलेलं नसतं. उदा. १, २, ९. बेरीज १२, सम. तरी शून्य जमत नाही.' करून बघितलं. खरंच जमत नाही.

तिच्या अशा टिपा वाचल्या की ती शेजारी बसून बोलते आहे असं वाटतं. ती बोलायची कमी आणि टोचायची जास्त. सुईचं काम करून स्वभाव तसा झाला होता, असं मी तिला म्हणायचो.

आज निघताना तिच्याच शिवणीचा दोरा घेतला आणि प्रत्येक दालनाच्या दारात गुडघ्याच्या उंचीवर आडवा बांधला. बांधणीच्या खोलीलाही. उद्या गुरुवार, वाचनालय बंद. उद्या मी एकटा येणार आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

घडलं तसंच लिहितो.

सकाळी दहाला आलो. कुलूप काढलं, आकडा शून्यावर आणला, आत गेलो. बाहेरचा दरवाजा मागे ओढून आतून कडी घातली, म्हणजे दुसरं कोणी येण्याचा प्रश्नच नाही. सगळे दोरे जसेच्या तसे. एकही तुटलेला नाही, सैल नाही. बांधणीच्या खोलीचा दोरा सोडला आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसलो.

भरदिवसा बंद वाचनालयात बसून बघावं एकदा कोणीतरी. उन्हाचे पट्टे जमिनीवरून सरकत असतात. कपाटं आपली आपणच करकरतात. दोनच्या सुमाराला खोलीतून बारीक आवाज आला, कागदातून दोरा ओढल्यावर येतो तसा. सव्वीस वर्षं ऐकलेला आवाज. मी उठलो नाही. उठलो असतो तर थांबला असता. थोड्या वेळाने तो थांबलाच. मी "अगं" म्हटलं. तेवढंच म्हणवलं.

पाचला बाहेर पडलो आणि खोक्याकडे बघितलं.

तीन.

पुन्हा लिहितो. आज अख्ख्या इमारतीत मी एकटा. आत गेलो तो एक, बाहेर आलो तो दोन. आणि आकडा तीन.

पायऱ्यांवर बसून राहिलो. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण भीतीच्या खाली बरं वाटत होतं. कोणीतरी आहे. आत गेलं आहे आणि बाहेर आलेलं नाही. ते कोण, हे मला कोणी सांगायला नको.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

२८९. आता विषम आकडा बघितला की जीव भांड्यात पडतो. उलटं व्हायला हवं, कळतं मला.

साहेब खाली येऊन म्हणाले, "तुमच्या सहीचा रकाना दहा दिवस कोरा आहे. उद्या आग लागली आणि आत कोणी सापडलं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, "म्हणूनच कोरा आहे साहेब." जाताना तक्त्याकडे नाही, माझ्याकडे बघून गेले.

मला इथून काढलं तर तिच्याशेजारी कोण बसेल? घरी ती नाही. घरी सगळ्या खोल्या शोधून झाल्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

२७७.

तिचं पुढचं कोडं लावलं. एका पुस्तकातली सात पानं निखळली. ज्याला सापडली तो म्हणतो, त्यांवरच्या सगळ्या पृष्ठांच्या आकड्यांची बेरीज तीनशे. तो खोटं बोलतो हे पानं न बघता कसं सांगाल?

पेन्सिलकाका शहाणे झाले आहेत. पेन्सिल कानामागेच ठेवून पाच मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाले, "एका पानाच्या दोन बाजू. एक आकडा विषम, पाठचा सम. बेरीज विषम. अशी सात पानं. सात विषमांची बेरीज विषम. तीनशे कुठून येणार?" मग म्हणाले, "हे कोडं पुस्तक शिवणाऱ्या माणसाने केलेलं दिसतंय." मी मान वळवून खिडकीबाहेर बघत बसलो. काका चांगले आहेत, त्यांनी पुढे विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

२४४. सम.

दोनदा डोळे चोळून बघितलं. मी दिवसभर दारावर होतो, दाढबिढ काही नाही. काल विषम, आज सम. आज वेगळं काय झालं? काही नाही. सकाळी मावशी दोन्ही हातांत बादल्या घेऊन माझ्याबरोबरच आल्या, तेवढंच. त्या आत गेल्या, संध्याकाळी बाहेर आल्या. दोन. त्यांच्या येण्याने विषमाचं सम कसं होईल?

ती गेली की काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

२६१. आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मुलगी काल संध्याकाळी आली. साहेबांनी फोन केला असणार, ती कबूल करत नाही. आज सकाळी माझ्याबरोबर वाचनालयात आली. म्हणाली, लहानपणी आईबरोबर यायचे तशी आज दिवसभर बसते. बसलीही, बांधणीच्या खोलीत, आईच्या खुर्चीवर. एक पुस्तक अर्धं शिवून ठेवलेलं होतं, ते हातात घेऊन बघत बसली. शिवता येत नाही तिला. आईने शिकवायचं म्हटलं की पळून जायची.

आकडा ३१२. सम. मुलगी आली की आई बाहेर पडते? हे मला पटत नाही. त्या दोघींचं कधी वाकडं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजही मुलगी आली, पण पायऱ्यांशी तिची चप्पल तुटली, ती मागे राहिली. मी पुढे जाऊन कुलूप काढलं, शून्य केलं, आत गेलो. ती बराच वेळ आली नाही. बघायला गेलो तर बाहेर भिंतीला टेकून उभी होती आणि डोळे लाल.

"काय गं?"

"डोळ्यात काहीतरी गेलं."

दुपारी डबा खाताना विचारते, "बाबा, सकाळी आत जाताना तुम्ही काय करता?"

"काय करणार? आत जातो."

"आणि त्याच्या आधी?"

"कुलूप काढतो, शून्य करतो. तुला नोकरी करायची आहे का दारावर?"

ती हसली नाही. माझा हात हातात घेऊन बसली, उजवा, लहान मुलाचा घेतात तसा. मग म्हणाली, "माझ्याकडे चला. थोडे दिवस तरी." मी म्हटलं, तीस तारखेनंतर बघू. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना म्हणाली, "तुमचं तुम्हालाच सापडू दे. आई असती तर तिनेही सांगितलं नसतं." कोड्याचं उत्तर आधी सांगायचं नाही, हा तिचा नियम होता खरा.

आकडा ३३५. विषम. आजही मुलगी होती. मग काल सम का?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

२५९.

मुलीचं बोलणं डोक्यातून जात नाही. आज तक्ता पुढे घेऊन बसलो. आधी सम-विषम, मग पेन्सिल.

या महिन्यात सम दिवस तीनच. १२ ला मी नव्हतो. १९ ला मावशी सकाळी माझ्याबरोबर शिरल्या, हातात बादल्या. २३ ला मुलगी माझ्याबरोबर शिरली. २४ ला मुलगी मागून आली आणि आकडा विषम झाला. म्हणजे ती दिवसभर आत होती याला अर्थ नाही. ती शिरली कधी, माझ्याबरोबर की मागून, यालाच अर्थ आहे.

विषम फक्त त्या दिवशी, ज्या दिवशी सकाळी मी एकटा शिरतो.

म्हणजे जे काही होतं ते सकाळी, चक्रीपाशी, मी तिथे असताना होतं. आणि मला दिसत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दिसलं.

कुलूप काढलं. शून्य केलं. आणि मग एरवी जे झोपेत करतो ते आज जागा राहून केलं. माझा उजवा हात पुढे गेला आणि दांडा ढकलला. टक्. मी बाजूला सरून उभा होतो. मान थोडी झुकवून, कोणी पुढे जाईपर्यंत थांबतात तसा. मग मी शिरलो. टक्.

टक् टक्. सव्वीस वर्षं सकाळ अशीच वाजते. तिचे दोन्ही हात पुस्तकांनी भरलेले असायचे, दांडा मी ढकलायचो, ती पुढे जायची, मग मी. मावशींच्या हातात बादल्या होत्या, त्या दिवशी त्या जागेतून मावशी गेल्या. शनिवारी मुलगी गेली. बाकी रोज कोणीच नाही. रोज सकाळी मी तिला आत सोडत होतो आणि ती बाहेर येत नव्हती, कारण चारला ती एकटी जायची, तिथे माझ्या हाताचं काम नव्हतं.

मुलीने हे बघितलं. मावशींना तर कधीचं माहीत असणार. सगळ्या गावाला दिसत होतं, एका दारवानाला सोडून.

दिवसभर दारावर बसलो. वाचक आले, गेले. आकडा २७३. मला कोणी फसवलेलं नाही आणि आत कोणी नाही, हे आता लिहिता यायला हवं होतं. रकाना कोराच ठेवला. गुरुवारचा तो दोऱ्याचा आवाज कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी हात खिशात घालून चक्रीपुढे उभा राहिलो. जमलं नाही. हातावर पुस्तकं घेऊन कोणीतरी शेजारी ताटकळत आहे असं वाटत राहिलं. शेवटी ढकलला. २८५.

दुपारी सप्टेंबरचा तक्ता काढला. सतरा तारखेचं पान मी आजवर बघितलं नव्हतं. अक्षर कपाटवाल्याचं. आकडा २६४. सम. पुढे 'आत कोणी नाही' आणि सही.

आता जे लिहायचं टाळलं ते लिहितो. सतरा सप्टेंबरला सकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे आत गेलो. टक् टक्. अडीचला ती बांधणीच्या खोलीत टेबलावर कोसळली. स्ट्रेचर चक्रीतून जात नाही, म्हणून मागचं दार उघडलं. माणसं त्याच दाराने आली आणि त्याच दाराने तिला घेऊन गेली. बरोबर मी. ती गाडीतच गेली.

ती चक्रीतून आत गेली आणि चक्रीतून बाहेर आली नाही. मीही नाही. दोघं कमी, म्हणून आकडा सम. एक चूक दुसरीला झाकून गेली आणि कपाटवाल्याने बिनघोर सही केली. सम आलं तर अजून काहीच कळलेलं नसतं. हे तिने लिहून ठेवलं होतं, मी तेरा तारखेला स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं, आणि मला कळलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आत दोघं होते. ते अजून आहेत. मागच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पहिल्यांदाच नीट रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, घरी माणसं होती म्हणून घरीही नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दांडा ढकलला, मुद्दाम, आणि म्हटलं, "चल, पुढे हो." टक्. मग मी.

दुपारी साहेबांनी महिन्याचा तक्ता मागितला. आजचा दिवस सोडून बाकीची बेरीज केलेली होती. त्यांनी भागून बघितलं आणि चेहरा मोकळा झाला. "या महिन्यात अर्धा माणूस नाही. बसला म्हणायचा तुमचा हिशोब. यंत्रही राहू द्या, तुम्हीही राहा."

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण तिच्या वहीत लिहितो आहे, तेव्हा लाज वाटली. म्हटलं, "साहेब, तो बावीस दिवस आला आहे. बावीस विषमांची बेरीज सम होते, म्हणून दिसत नाही. यंत्र चांगलं आहे. दांडा मी ढकलतो." आणि सगळं सांगितलं. सकाळी काय करतो ते, पुस्तकांची चळत, सतरा सप्टेंबर, मागचं दार.

ते बराच वेळ तक्त्यावर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "माझी आई अजून वडिलांचा चष्मा पुसून ठेवते." पुढे म्हणाले, "आज सही कराल?"

"चार वाजू द्या," मी म्हटलं.

पावणेचारला बांधणीच्या खोलीत गेलो. अर्धं शिवलेलं पुस्तक बंद केलं, सुई डबीत ठेवली, खुर्ची टेबलाला सरकवून ठेवली. खळीचं भांडं धुवायला मावशींकडे दिलं. चारला चक्रीपाशी आलो. पेन्सिलकाका फलकापुढे होते, त्यांनी पाठ फिरवून कोडं वाचायला घेतलं, जरी आज फलकावर नवीन काही नव्हतं.

सव्वीस वर्षांत चारला मी तिला कधी दारापर्यंत सोडलं नव्हतं. कामात असायचो. आतल्या बाजूने दांड्याला हात लावला आणि बाहेर ढकलला. टक्. मान थोडी झुकवून थांबलो. ती जाईपर्यंत थांबलो.

"सावकाश जा," म्हटलं.

सात वाजता सगळे गेल्यावर दिवे मालवले आणि मी निघालो. बाहेर येऊन बराच वेळ खोक्याकडे बघितलं नाही. मग बघितलं. तीनशे सहा.

तक्त्यात आकडा लिहिला. पुढच्या रकान्यात लिहिलं, 'आत कोणी नाही'. सही केली. अक्षर जरा वाकडं आलं आहे, पण माझंच आहे.